खालाच्या जागी कोणाचं नाव

सलाला, २ ऑगस्ट २०२५

रशीदा,

वरती खोडलेलं दिसतंय ते ‘सलाम’ आहे. लिहिला आणि खोडला. सलाम धाकटीनं आधी करायचा असतो.

नऊ वर्षांनी तुझा मेसेज आला. मी सुरमई साफ करत होते. ती तशीच टाकून हात धुतले, चष्मा शोधला आणि वाचायला बसले. काय होतं त्यात? “आपल्या मुस्कानला वोट करा. गल्फवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे.” खाली लिंक, तिरंगा आणि जोडलेले चार हात. वर बारीक अक्षरात ‘फॉरवर्डेड’. म्हणजे सगळ्या गावाला पाठवलंस तेच मलाही. आपा, कशी आहेस, एवढं तरी बोटानं दाबायचं होतंस. बटणांना पैसे पडत नाहीत.

याचं उत्तर मी मोबाइलवर देणार नाही. तू वाचून गप्प बसशील आणि मी दिवसभर निळ्या रेघा बघत बसेन. वरच्या वाडीतला भिकाजी इथं इलेक्ट्रिशियन आहे, तो उद्या महिन्याच्या रजेवर निघालाय. त्याच्या हाती हे पत्र, धुपाच्या लुबानाची पुडी आणि तुझ्यासाठी एक अबाया देतेय. अबाया तुझ्या दुल्हेभाईंनी स्वतः शिवलाय. सध्या आमच्याकडे खरीफ आहे, म्हणजे भुरभुर पाऊस आणि धुकं बघायला अर्धं अरबस्तान इथं उतरलंय. दुकानात यांना मान वर करायला वेळ नाही, तरी शिवलाय.

मुस्कानचं मला सगळं माहीत आहे. तू कळवलं नाहीस म्हणून कळायचं थोडंच राहतं? ताश्कंदला आशियातल्या सगळ्या देशांची गाण्याची स्पर्धा आहे, प्रत्येक देशाचं एक लोकगीत आहे आणि आपल्या देशाकडून गाणार आहे आपल्या अम्माची नात. माझ्या उमामानं मला नियमही वाचून दाखवले. पहिली फेरी परीक्षकांची, फायनलला लोकांचे वोट. आपापल्या देशाला वोट देता येत नाही. तुम्ही दीडशे कोट तिथं टाळ्या पिटा, उपयोग शून्य. भारताला वोट मिळणार ते बाहेरच्या भारतीयांचे. आता कळलं, नऊ वर्षांनी माझी आठवण का झाली.

तर ऐक. इथल्या आपल्या कोकणी बायकांच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यांत मोठी. माझा शब्द खाली पडत नाही. त्यांचे नवरे, त्यांचे भाऊ, मस्कतला रुसैलच्या कारखान्यांतली आणि गालाच्या गॅरेजांतली आपली पोरं, सगळीकडे निरोप जाईल. ओमानचे वोट मी मुस्कानच्या ओटीत घालीन.

पण ती अम्माचं हळदीचं गाणं म्हणणार आहे असं ऐकलं. त्यात नावं घ्यायची असतात, हे तुला मी शिकवायला नको. आजीचं घेतात, मामीचं घेतात, मग येते ‘खाला कोनची आयली गो, खाला कोनची आयली?’ त्या जागी माझं नाव आलं पाहिजे. तिला सख्खी खाला, आईची बहीण, एकच आहे. एवढंच मागते. माझा हक्क आहे म्हणून मागते, भीक म्हणून नाही.

उमामाच्या हळदीतून तू न जेवता निघून गेलीस, ते मी विसरलेले नाही. भरल्या मांडवातून सख्खी बहीण उठून गेली, तर लोक काय म्हणतात, ते मी एकटीनं ऐकलं. तरी मी अबाया पाठवतेय. बघ.

तुझी मोठी बहीण,
नूरबानू


सलाला, १७ ऑगस्ट २०२५

रशीदा,

भिकाजीचा फोन आला होता. पत्र पाच तारखेलाच तुझ्या हातात दिलं म्हणाला. त्यामुळे पत्र मिळालं नाही, ही सबब चालायची नाही.

काल पहिली फेरी झाली. माझ्याकडे चौदा बायका जमल्या होत्या. मी सकाळपासून सांदणं केली, ती पण गुळाची, कोणीतरी कारवारहून आणलेल्या फणसाचा रस घालून. टीव्ही भिंतीवरचा मोठा. सगळ्यांना मीच सांगितलं होतं, माझं नाव येणार, कान देऊन ऐका. सांगायला नको होतं. पण मी तुझ्यावर विश्वास टाकला होता.

मुस्कान दिसली आणि मला अम्माच दिसली. ती भुवई, ती मान तिरकी करायची सवय. पोरगी सुंदर गाते, रशीदा. मी रागात आहे म्हणून खोटं लिहिणार नाही. एवढ्या दिव्यांत, एवढ्या परक्या माणसांत, पाठीमागे कसलीकसली वाद्यं, आणि ही आपल्या खळ्यात बसल्यासारखी गात होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजीचं नाव आलं. मामीचं आलं. बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या. मी पदर सारखा केला.

आणि नाव आलं ‘शीला’.

खाली इंग्रजीतही लिहून आलं, म्हणजे ऐकण्यात चूक झाली म्हणायची सोय नाही. उमामानं विचारलं, “अम्मी, हू इज शीला? आपली कोन लागते ती?” मी काय सांगू? शेजारीण, अंगणवाडीत खिचडी वाढते, असं सांगू? चौदा बायकांनी एकदम सांदणांचं कौतुक सुरू केलं. त्यांची ती दया मला अजून टोचतेय.

शीला तुझी बहीण कधी झाली? तुझा नवरा तुला टाकून मुंबईला गेला तेव्हा तिनं तुला पडवी दिली, हे मला माहीत आहे. तू चिपळूणच्या ऑर्केस्ट्रात गायला जायचीस तेव्हा मुस्कान तिच्याकडे झोपायची, हेही माहीत आहे. तिनं केलं, मान्य. मीही केलं असतं. तू तेव्हा मला फोन केला होतास, इथं बोलवून घे म्हणून. यांचं दुकान नवं होतं, दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं, कुठे ठेवणार होते तुला? मी सरळ नाही म्हटलं. गोड बोलून टोलवत राहिले असते, तर तुला बरं वाटलं असतं का?

आणि उमामाच्या हळदीचं म्हणशील, तर तू माझ्या जागी उभी राहून बघ. मुलीचं सासर असलं घरंदाज, ओमानात तीन पिढ्यांचा व्यापार. त्यांच्या बायका खुर्च्यांवर बसलेल्या. स्टेजवर परपुरुषांसमोर गाणारी बाई नवरीची खाला आहे, हे त्यांच्यासमोर ढोलकीवर वाजवून सांगायचं होतं का? मी तुला फक्त म्हटलं, आज गाऊ नकोस, आत स्वयंपाकाकडे बघ. मुलीच्या आईला एवढं म्हणता येत नाही? आणि आता तेच सासर काल मला फोन करून विचारतंय, तुमची भाची ना ती, टीव्हीवरची? मी हो म्हटलं. तुझ्या लेकीचा मला अभिमान वाटतो आणि तू मला चौदा बायकांत खाली पाडलंस.

भिकाजी तिथं, दुसरं कोणी निघालेलं नाही, म्हणून हे पोस्टानं पाठवतेय. मिळेल तेव्हा मिळेल. फायनल तीस तारखेला आहे. मला काही सांगायचं नाही. मी आता कसली अट घालत नाही आणि कसला शब्दही देत नाही.

नूरबानू


सलाला, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय रशीदा,

काल मुस्काननं माझं नाव घेतलं.

मी तयार नव्हते. शीलाचंच येणार म्हणून आधीच उठून चहाचं बघायला निघाले होते, आणि मागून ऐकू आलं, ‘खाला नूरबानू गो, सलालाशी आयली.’ गावाचं नावही घेतलं पोरीनं. बायकांनी एकच गलका केला. कोणी मला मिठी मारली, कोणी उमामाला. तुझे दुल्हेभाई दुकान लवकर बंद करून आले होते, दारातच थबकले. मला म्हणाले, “तुजा नाव घेतलान गो तिना!” इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलेलं नाही, काल पाहिलं.

निकालाचं फार मनाला लावून घेऊ नका. दुसरा नंबर काही कमी नाही. फिलिपिन्सचा तो मुलगाही बरा गायला. ओमानकडून त्याला दहा आणि आपल्याला दोनच गुण आले, तेव्हा इथं सगळ्यांची तोंडं पडली. आपण पाच गुणांनी गेलो ना? म्हणजे ओमाननं साथ दिली असती, तर… असं उमामा सारखं म्हणत होती. पण त्याला आमचा इलाज नाही. इथल्या दवाखान्यांत फिलिपिनो नर्सेस किती आहेत, तुला कल्पना नाही. एकजात सगळ्या मोबाइल घेऊन बसल्या असतील. आमच्याकडून आम्ही वोट दिले. पण या धुक्यात नेटवर्कचा भरवसा नसतो, काहींचे गेले नसतील.

मुस्कानला माझ्याकडून खूप दुवा सांग. ती घरी आली की तिच्यासाठी मी सोन्याच्या कुड्या पाठवणार आहे. मागचं पत्र पोस्टात आहे, ते आलं तर वाचू नकोस. फाडून टाक. रागात माणूस काहीही लिहितं.

आता बोलत जाऊ ना आपण? मी फोन केला तर उचलशील?

तुझी आपा


सलाला, ११ सप्टेंबर २०२५

रशीदा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते पत्र तुला मिळालं असेल आणि तू ते वाचून काय केलं असशील, याचा विचार करून माझ्या जिवाचं पाणी झालंय. हसली असशील. मी असते तर हसले असते.

भिकाजी गेल्या आठवड्यात परत आला. तुझ्याकडची कोकमं आणि कुळथाचं पीठ घेऊन घरी आला होता. चहा प्यायला, पण नजर वर करेना. मी विचारलं, रशीदानं पत्र दिलंय का? नाही म्हणाला. निरोप? नाही. मग जाता जाता चपला घालताना म्हणाला, “वयनी, तुमी त्या दिवशी तो मेसेज कित्याक टाकलात?”

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. तर आता माझ्याकडून ऐक. दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि माझ्याकडून ऐकलेलं, यात तुझ्यासाठी फरक असेल-नसेल, मला आहे.

फायनलच्या सकाळी मी ग्रुपवर लिहिलं: “ओमानच्या नंबरावरून भारताला वोट जात नाही. नुसता बॅलन्स कापला जातो. ऑफिसात जाऊन खात्री केली आहे. कोणी करू नये.” खाली माझं पूर्ण नाव घातलं, कारण माझ्या नावाशिवाय कोणी मानलं नसतं. कुठल्याही ऑफिसात मी गेले नव्हते. घरातून बाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. शीलाचं नाव दोन आठवडे डोक्यात घुमत होतं आणि मला वाटलं, आता बघू, या शीलाचे किती वोट निघतात ओमानमधून.

मला वाटलं होतं, आमच्या ग्रुपपुरतं राहील. पण तुला माहीत आहे आपली माणसं. बॅलन्स कापतात म्हटलं की दहा जणांना पुढे ढकलतात, पुण्याचा सवाब मिळतो जणू. दुपारपर्यंत तो मेसेज मस्कतला पोचला. रुसैलच्या बसमध्ये, गालाच्या गॅरेजात, सगळीकडे. ज्यांना मी ओळखत नाही त्यांनीही तो मला परत पाठवला: “आपा, बघा, तुमच्या नावानं आलंय, खरं आहे का?” मी लिहिलं, खरं आहे.

पण माझा खरा गुन्हा हा नाही. हा रागातला होता. त्यानंतर जे केलं ते थंड डोक्यानं केलं, ते लिहायला मला चार दिवस लागले.

मुस्काननं माझं नाव घेतलं. त्यानंतर तीन देशांची गाणी झाली. मग वोटिंग सुरू झालं, पंधरा मिनिटं. टीव्हीवर घड्याळ उलटं चालत होतं. उमामानं सहज म्हणून बटण दाबून बघितलं आणि ओरडली, “अम्मी, माजा तर गेला! इट सेज थँक यू!” चौदा बायकांनी माझ्याकडे बघितलं. तोंडातून एक वाक्य काढायचं होतं, माझी चूक झाली, करा सगळ्या. पंधरा मिनिटांत मस्कतपर्यंत निरोप गेला असता. उलटा गेला तसा सुलटाही गेला असता. पण मग विचारलं असतं, तुम्ही तर ऑफिसात जाऊन आला होतात ना? नुकतंच त्या बायकांनी मला मिठ्या मारल्या होत्या. मी म्हटलं, “उमामाचा नंबर कंपनीचा हय, त्याचा वेगला असतो.” आणि चहा ओतायला लागले. एक थेंब सांडला नाही, हेही सांगून टाकते.

तुझी मुलगी पाच गुणांनी हरली. मी तिला हरवलं. माझं नाव घेतल्यानंतर हरवलं.

एवढं मी मनाशी ठेवून जगले असते. माणूस जगतं. पण भिकाजीला मी उंबऱ्यात अडवलं आणि विचारलं, तो मेसेज रशीदाला कधी मिळाला? मला वाटलं, नंतर मिळाला असणार. नाव आधी घेतलं, मग कळलं, मग तू मला शिव्या दिल्यास, असा हिशेब मी धरून बसले होते. तो म्हणाला, दुपारीच. त्याच्याच मोबाइलवर आला आणि त्यानंच तुला दाखवला, शीलाच्या खळ्यात खुर्च्या मांडत होतात तेव्हा. तू दोनदा वाचलास म्हणे. शीला तोंडाला येईल ते बोलली. तू मुस्कानला फोन लावलास. भिकाजी शेजारीच उभा होता. तुझे शब्द त्यानं जसेच्या तसे सांगितले:

“आज आपाचा नाव घे. आधी घेतला असता तर वोटासाठी घेतला असा झाला असता. आता तिच्याकडशी काय येयाचा नाय. आता घे.”

रशीदा, हे ऐकल्यापासून मला धड जेवण जात नाही. तू मला माफ केलंस असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. माफ करणाऱ्या माणसानं आधी भांडायचं असतं, एकदा तरी ओरडायचं असतं. तू मला माझी लायकी दाखवलीस आणि वर मानाचं पान दिलंस. मला याचा संताप येतो. तुझाच येतो. मला ठाऊक आहे की तो माझा यायला हवा, पण येतो तुझाच. मी तशीच आहे.

आता हळदीचंही लिहिते, म्हणजे काही बाकी राहायला नको. तू न जेवता निघून गेलीस असं मी नऊ वर्षं सांगत आले. तुला फक्त स्वयंपाकाकडे बघ म्हटलं, असं त्या फाडायला सांगितलेल्या पत्रात लिहिलं. ते अर्धंच खरं होतं. गाणाऱ्या बायकांनी जेव्हा ‘खाला कोनची आयली’ म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा व्याह्यांच्या बायकांसमोर मी म्हटलं, “ती ओळ सोडा. आमच्या उमामाला खाला नाय.” तू दाराआड कांदा चिरत होतीस. सुरी थांबलेली मला ऐकू आली होती. तू ऐकलंयस हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मी बायकांना पुढची ओळ घ्यायला लावली.

इथं अजून कोणाला काही माहीत नाही. भिकाजीला मी अल्लाची, त्याच्या देवाची, सगळ्यांची शपथ घातलीय. यांनाही सांगितलेलं नाही. हिंमत नाही. उलट माझा मान वाढलाय. दुकानात गिऱ्हाइकं यांना विचारतात, गाण्यातली ती नूरबानू तुमच्याच घरची ना? परवा उमामाच्या सासरी दावत होती, तिथं मला मधल्या गादीवर बसवलं आणि ते गाणं मोठ्यानं लावलं. त्या खुर्च्यांवरच्या बायका, त्याच, माझं नाव आल्यावर टाळ्या वाजवत होत्या. उमामाच्या धाकटीला ते पाठ झालंय. चार वर्षांची आहे, मराठी धड बोलत नाही, पण ती ओळ बरोबर म्हणते आणि माझ्याकडे बोट करते. दिवसातून दहादा.

मुस्कानला म्हणावं, तिला आता ठिकठिकाणी गायला बोलावतील. तिथं माझं नाव घेऊ नको. शीलाचं घे, तिचा हक्क आहे. मी सांगितलेलं ती ऐकणार नाही, तू सांग. मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल, पण हे एवढं कर.

नाव काढायला सांग, रशीदा. मला ते ऐकवत नाही.

नूरबानू